कॉम्प्युटरची पट्टी

“चाचा, सोळा घेऊ का बत्तीस?”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती छोटी घोडी त्यांच्या हातात होती. ती ते कानशीनं घासत होते.

“बत्तीस काय? दात?”

“रॅम हो चाचा, कॉम्प्युटरची. घरी गाणं रेकॉर्ड करायला कॉम्प्युटर घ्यायचाय.”

“मग घे की.”

“कुठला?”

कानस थांबली नाही.

मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत हा प्रश्न त्याआधी कुणी विचारला नसेल. आणि विचारत कोण होता, तर रेवणसिद्ध कुंभार. स्टेशन रोडवरच्या शांतिलालशेठच्या दुकानात हा गडी सहा वर्षं कॉम्प्युटरच विकत होता. हलवायानं गवळ्याला विचारावं, पेढा कसा निवडू, त्यातली गत.

पण त्याला कारण होतं. रेवणचे गाण्याचे गुरू आप्पाबुवा दोन वर्षांपूर्वी वारले. जाताना म्हणाले होते, “अडलास की दस्तगीरकडं जा. त्याला गाता येत नाही, पण त्याच्या कानाला खोटं चालत नाही.”

रेवणनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर अकरा कॉम्प्युटरांची नावं होती. पुढं आकडे, आकड्यांपुढं खुणा. ही यादी आठ महिने चालू होती. त्या आठ महिन्यांत रेकॉर्ड केलेलं गाणं विचाराल तर एकही नाही.

“मग आज एवढी घाई कशाची?” चाचांनी विचारलं.

“पुढच्या महिन्यात तीस पूर्ण होतायत.”

“मग? तिशीनंतर गळा बंद पडतो?”

“संगीत सभेचं दार बंद पडतं, चाचा.”

पुण्यातली एक संगीत सभा तिशीच्या आतल्या गायकांकडून घरी केलेलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग मागवायची. त्यातून एकाला निवडायचे आणि वार्षिक सभेत तासभर गायला बसवायचे. रेवणची ही शेवटची संधी होती. गुरुवारी संध्याकाळी मुदत संपत होती आणि आज सोमवार होता.

मागच्या वर्षीही त्यानं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. उत्तर एका ओळीचं आलं.

“काय लिहिलंवतं?”

रेवण खाली बघत म्हणाला, “गायक स्वराला किंचित उतरतो.”

कानस थांबली.

रेवण उपाशी राहिला असता, पण सुराला उतरला नसता. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ती ओळ त्याला जिव्हारी लागली होती.

“यंत्रच कमी पडलं चाचा. दुसरं काय असणार? आता जबरदस्त घेतो. साठ हजार साठवलेत.”

“ज्याच्यावर केलंस ते यंत्र कुठं हाय?”

“मित्राचं हाय. तेपण भारीच हाय तसं.”

“आण.”

दुसऱ्या दिवशी रेवण ते रिक्षात घालून घेऊन आला. काचेची पेटी, आत चार पंखे, निळे-जांभळे दिवे. त्यानं ते मोठ्या थाटात चाचांच्या कारखान्यात मांडलं आणि बटण दाबलं. लग्नाच्या मांडवासारखा लखलखाट झाला. कारागीर हातातली कामं टाकून बघायला आले.

चाचांनी बघितलं नाही. डोळे मिटून घेतले.

मग कोपऱ्यातला एक जुना तंबोरा उचलला, आणि डोळे मिटूनच खुंट्या पिळायला लागले. थोडं चढव, थोडं उतरव. तारेतला मणी सरकव. बराच वेळ चाललं होतं. शेवटी त्यांनी तंबोरा रेवणच्या हातात दिला.

“गा.”

रेवणनं तारा छेडल्या आणि सा लावला. लगेच थांबला. पुन्हा लावला, पुन्हा थांबला.

“ही माझी पट्टी न्हाई चाचा. मी काळी दोनमध्ये गातो. हा तंबोरा चढा लागलाय.”

“किती?”

“केसभर.”

“तुझी न्हाई, तर मग कुणाची?”

रेवणला कळेना. त्यानं चाचांकडं बघितलं, कारागिरांकडं बघितलं…

“छेडत राहा,” चाचा म्हणाले, आणि हात लांबवून त्यांनी भिंतीतलं बटण बंद केलं.

दिवे गेले. पंखे थांबले. आणि खोलीत मघापासून एक घूं… चालू होतं, हे ते बंद झाल्यावर सगळ्यांना कळलं. बंद झालं, आणि तरी चालूच होतं. तेच घूं आता तंबोऱ्यातून येत होतं.

रेवणचा हात तारांवरच थबकला.

“हा… हा गात होता?”

“माइक कुठं ठेवलावतास?”

“याच्या शेजारीच. टेबलावर.”

“आणि तुला ऐकू आलं न्हाई?”

“आलं की,” रेवण म्हणाला. “मला वाटलं, तंबोऱ्याची आस घुमतीय. काय भरून येतंय, म्हणून मी खूश झालोवतो.”

एक कारागीर फिस्सकन हसला. चाचांनी नुसतं बघितलं, आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

“दोघं गायलात तुमी,” चाचा म्हणाले. “तो चढा. त्याच्यापुढं तू उतरलेला.”

रेवणनं तंबोरा अलगद खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडं वळवलं. वर्षभर तो सगळ्यांपुढं यंत्राला शिव्या घालत होता. मनात मात्र त्यानं कबूल करून टाकलं होतं, की आपण बेसूर आहोत. यादी वाढत होती ती त्यामुळं. कॉम्प्युटर ठरला असता, तर पुन्हा गावं लागलं असतं.

तो रडला. चाचांनी त्याला रडू दिलं.

मग म्हणाले, “चल तुझ्या दुकानात.”

दस्तगीरचाचा दुकानात आले ही शांतिलालशेठना मोठीच गोष्ट वाटली. त्यांनी खुर्ची पुसली, चहा मागवला.

“सगळे चालू करा,” चाचा म्हणाले.

सगळे कॉम्प्युटर चालू झाले. चाचा एकेकाजवळ गेले, वाकले, आणि पेटीला कान लावला. भोपळा निवडताना लावतात तसा. दोन गिऱ्हाइकं तोंडावर रुमाल धरून हसत होती.

“हा घ्या चाचा,” शेठ म्हणाले, “आमचा सगळ्यात ताकदवान.”

“दमा हाय याला.”

“मग हा?”

“हा कण्हतोय.”

असं करत चाचा मागच्या फळीपाशी पोचले. तिथं एक जुना लॅपटॉप होता. कुठल्याशा कचेरीत वापरून विकलेला, एक कोपरा उडालेला, बटणांवरची अक्षरं पुसलेली. त्याला चाचांनी कान लावला तो काढलाच नाही.

“हा चालू हाय?”

“चालूच हाय,” शेठ म्हणाले.

“हाच.”

रेवण कळवळला. “चाचा, तो हलका हाय! आठचीच रॅम. एवढ्या कमी ताकदीचा, की त्याला पंखासुद्धा घातलेला न्हाई. आत फिरणारं असं काहीच न्हाई त्याच्यात.” हे बोलता बोलताच त्याचा आवाज हळू होत गेला…

“रेकॉर्डात किती जण असणार?” चाचांनी विचारलं.

“मी. तंबोरा. तबला.”

“तीन. एवढे उचलंल हा?”

“तीन काय, वीस उचलंल.”

“मग बत्तीस कुणासाठी?”

सहा वर्षं गिऱ्हाइकांना रेवण हा प्रश्न विचारायचा विसरत आला होता.

“दोन वर्षं पडून हाय तो,” शेठ म्हणाले. “नऊ हजार द्या.”

“आणि उरल्यातून?” रेवणनं विचारलं.

“ज्याला कान असतो ते घे.”

रेवणनं चांगला माइक घेतला, आणि माइक कॉम्प्युटरला जोडायचा छोटा डबा. तरी निम्म्याच्या वर पैसे खिशात राहिले. अकरा नावांचा कागद त्यानं शेठच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

आता प्रश्न जागेचा होता. रेवणच्या खोलीखाली पिठाची गिरणी होती.

“उद्या चारला कारखान्यात ये,” चाचा म्हणाले.

“तिथं? त्या ठोकाठोकीत?”

चाचा चालायलाही लागले होते.

बुधवारी चारला रेवण तबलजीला घेऊन आला. गल्ली जोरात होती. करवती चालल्या होत्या, रंधे चालले होते, समोर कुणी खुंट्या ठोकत होतं. रेवणनं माइक उभा केला, लॅपटॉप उघडला आणि हताश होऊन बसला. असल्या गदारोळात गाणं काय, कपाळ?

चाचांनी आतून एक तंबोरा आणला. नवाकोरा. सोमवारी घासत होते ती घोडी त्याच्यावर बसली होती. तारा त्यांनी स्वतः जुळवल्या. काळी दोन.

मग ते दारात गेले. त्या गल्लीत एक रीत आहे. नवा तंबोरा पहिल्यांदा बोलणार असेल, तर त्याचा कारागीर दारात उभा राहून तसं सांगतो, आणि तो बोलेपर्यंत कुणी हत्यार चालवत नाही. दोन-तीन मिनिटांचं काम. कुणाचाही तंबोरा असो, भावकीत भांडणं असोत, ही रीत मोडत नाही.

“बोलणार हाय,” चाचा म्हणाले. मोठ्यानं नाही.

समोरची ठोकाठोक थांबली. शेजारची कानस थांबली. मग त्यापलीकडचा रंधा, करवत… एकेक करत शांतता गल्लीच्या टोकापर्यंत गेली. टोकाला कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, त्यानंही किल्ली उलटी फिरवली.

रेवणनं लॅपटॉपवर बोट टेकवलं. लाल ठिपका उमटला. त्या यंत्रानं हूं की चूं केलं नाही.

नवा तंबोरा पहिल्यांदा बोलला. आणि त्या बोलण्यात रेवणनं मुलतानी रागाचा पहिला स्वर ठेवला.

तो स्वर कुठंही उतरला नाही. वर टांगलेले भोपळे घुमायला लागले. तबलजीनं ठेका धरला तेव्हा रेवणचे डोळे मिटलेले होते, आणि वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं गळ्यातून वाहत होतं. दोन मिनिटं झाली. तीन झाली. रीत संपली. पण एकाही हाताला हत्यार उचलवलं नाही.

दहा मिनिटांनी रेवण थांबला आणि लाल ठिपका विझला.

टोकाकडून एका म्हाताऱ्या कारागिराचा “वाऽऽ!” आला, आणि त्यामागून सगळी गल्ली गरजली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ते वाचत रेवण स्टेशन रोडपासून पळत सुटला तो कारखान्यातच येऊन थांबला. पायात एकच चप्पल होती.

“निवडलं! चाचा, निवडलं मला! एकट्याला!”

कारागिरांनी त्याला खांद्यावर घेतलं. शांतिलालशेठ दुकान उघडं टाकून पेढे घेऊन आले. त्या दिवशी फिस्सकन हसलेला तो कारागीर सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. चाचांनी पेढा तोंडात टाकला आणि नवी घोडी घासायला घेतली. त्यांचे डोळे मात्र भरले होते, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

“लिहिलंय काय ते वाच,” ते म्हणाले.

रेवणनं वाचलं. “स्वर लखलखीत. एवढं स्वच्छ रेकॉर्डिंग आमच्याकडं यंदा दुसरं आलं नाही. ते कोणत्या कॉम्प्युटरवर केलं, ते कृपया कळवावं. इतर नवोदितांना सांगता येईल.”

त्यानं खिशातून पेन काढलं.

“काय लिहू चाचा? आठची रॅम, जुना प्रोसेसर…”

कानस थांबली.

“लिही… गल्ली गप्प होती.”