डोहाकाठचा उंबर

माणसांनी डोंगरांना नावं देण्याआधीची गोष्ट. एका डोंगरी ओढ्याच्या डोहात मळ्या नावाचा मासा पिल्लांसह राहायचा. उन्हाळ्यात डोह आटू लागला, तसा तो काठावरच्या उंबरावर चिडला.

"आमचं सगळं पाणी तूच पितोस!"

"पितो रे," उंबर म्हणाला, "पण हा काठही मीच धरून ठेवलाय."

मळ्याला ते पटलं नाही. उंबराच्या मुळाशी गोड कंद आहेत, असं त्याने रानडुकराला खोटंच सांगितलं. डुकराने मुळं उकरून टाकली. पावसाळ्यात उंबर कोसळला, काठ ढासळला आणि डोह मातीने भरला. त्या वर्षी ओढा पौषातच आटला.

ओंजळभर चिखलात पिल्लं तडफडू लागली. मळ्याने डुकराला हाक मारली, "आता पलीकडच्या काठावरची ती जांभळ आमचं पाणी पितेय, तिचीही मुळं उकर."