पाटीपुढचा कडुनिंब

एका शहरात एक कापडदुकानदार होता. माल चोख, बोलणे गोड, पण स्वभाव असा संशयी की स्वतःच्या सावलीकडेही दोनदा वळून बघेल. त्याच्या दुकानासमोर एक कडुनिंब होता आणि त्या झाडाखाली एक विधवा कुंभारीण माठ विकायला बसत असे.

दुकानाची पाटी झाडाआड जाते म्हणून दुकानदाराने एका कुऱ्हाडवाल्याला बोलावले.

"फांद्या जरा विरळ करू का, शेटजी?"

"विरळ कशाला? शेंडाच उडव. सगळ्या फांद्या मधूनच तोड."

झाडाचे नुसते खुंट उरले. पाटी लांबून दिसू लागली. पण पावसाळा सरता सरता त्या खुंटांवर कोंबांचे झुबके फुटले आणि पाटी पूर्वीपेक्षाही जास्त झाकली गेली. दुकानदाराच्या मनात पाल चुकचुकली. तोडलेले झाड एवढे फोफावते कसे?

"काय गं, झाडाला खत घालतेस ना?"

"शेटजी, माझ्याच ताटात पडायची मारामार, झाडाला कुठून घालू?"

त्याला पटले नाही. गल्ल्यावर बसून तो दिवसभर तिच्यावर डोळा ठेवू लागला. तिने माठ पालथा घातला तरी हा मान उंचावून बघे. गिऱ्हाईक भाव विचारी, हा नुसता "हं" करी. संध्याकाळी निघताना ती बुंध्यावर हात ठेवून क्षणभर थांबे.

"इथंच गोम आहे," तो पुटपुटला आणि त्याने झाड पुन्हा तसेच तोडवले. झाड पुन्हा तसेच फुटले.

पाने गेलेले झाड उपाशी असते. जगण्यासाठी ते घाईघाईने फुटते आणि त्या नव्या फांद्यांची पकड वरवरची असते. इकडे खुंटांत पाणी साचून लाकूड कुजत होते. पण दुकानदाराची नजर झाडाकडे नव्हतीच.

एका वादळी दुपारी मोठी फांदी कडाडून कोसळली. पाटीचे दोन तुकडे झाले, माठांचा चुरा झाला. कुंभारीण थोडक्यात वाचली.

दुकानदार धावत आला. "तूच पोखरलंस झाड! रोज काय करत होतीस तिथं?"

"काही नाही, शेटजी. आमच्या मालकांनी लावलेलं झाड आहे. जाताना मी हात लावून जायचे, एवढंच."

पुरावा शोधायला तो मोडलेल्या जागी वाकला. लाकूड काळे, भुसभुशीत झाले होते आणि कूज जिथून आत शिरली होती, तिथे कुऱ्हाडीचा सपाट घाव होता.

त्याने तो घाव बोटाने चाचपला. मग खाली बसून खापऱ्या वेचू लागला.

तात्पर्य: कुऱ्हाड ज्याच्या सांगण्यावरून चालते, त्याने पहिला संशय स्वतःवर घ्यावा.