आवडीचा बांध

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा उंबरडोहाच्या नदीवर पूल नव्हता आणि माणसं म्हशीची शेपटी धरून पलीकडे जायची, तेव्हा त्या गावात हैबती गवंडी राहायचा. आणि भिंत कशी बांधायचा? अहो, इतकी सरळ, की चढणारी मुंगीसुद्धा डावी-उजवी न होता थेट वर पोचायची! असं म्हणतात.

त्याच्याकडे एक ओळंबा होता, म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. भिंतीशेजारी ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटायचा, आणि जवाएवढा फरक दिसला तरी अख्खा थर उतरवायचा. "वाकडं चालणार न्हाई!" पोरं त्याची नक्कल करायची.

हैबतीला एकच लेक होती, आवडी. आई तिला जन्म देऊनच गेली, बापानंच वाढवली. पोर चालायला लागली आणि त्याच्या काळजात चर्र झालं. गुडघे आत वळून एकमेकांना घासायचे, पावलं बाहेर फाकायची, पाठ एका अंगाला कलायची. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. पण याचा डोळाच मेला तसला!

शेजारची भागूआत्या म्हणायची, "अरं, पोर हाय ती, भिंत न्हवं. वाढंल तशी सुधरंल."

"आन् न्हाई सुधरली तर? हंडा घिऊन घाट कशी चढंल? माझ्या माघारी कोन हाय तिला?"



मग रोज सकाळी हैबती आढ्याला ओळंबा टांगायचा आणि सहा वर्षांच्या आवडीला दोरीला लावून उभी करायचा. "पाठ ताठ. गुडघं लांब. वाकडं चालणार न्हाई, आवडे."

"चालतंय की आबा! ह्ये बघा!" आणि ती अंगणभर फताड्या पावलांनी चालून दाखवायची. बदकासारखी, मुद्दाम! भागूआत्या हसून बेजार. हैबती नाही हसायचा.

पण पोरीला कळायचं हो सगळं. ती श्वास रोखायची, दात आवळायची, आणि आबा बघतायत तेवढा वेळ दोरीसारखी ताठ राहायची. त्याचा चेहरा फुलायचा. त्याची पाठ वळली की हळूच खाली बसून पोटऱ्या चोळत राहायची.

शेवटी हैबतीनं सागाच्या दोन फळ्या तासल्या, त्यांना तिच्या आईच्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि तिचे पाय बांधले. रोज, दुपारपर्यंत.

"मी सोडीन तवाच गाठ सोडायची. शपथ?"

"शपथ, आबा."

त्या साली तो गावासाठी नदीकाठी पुराचा बांध घालत होता. आवडी तिथेच उंबराखाली बसायची, फळ्या बांधून, त्याच्या नजरेसमोर. भाद्रपदातली सकाळ होती, लख्ख ऊन. हैबती कोपऱ्याचा दगड निवडायला खाणीकडे गेला. वर डोंगरात आभाळ फाटलंय, हे इथं कुणाला ठाऊक? नदी उभीच्या उभी आली! काठावरच्या पोरी पळाल्या. सगुणा नावाची मैत्रीण मागं वळून ओरडली, "आवडे, गाठ सोड!"

आवडी म्हणाली, "आबा सोडत्यात. येतीलच आता."

हैबती धापा टाकत पोचला तेव्हा उंबराचा शेंडा तेवढा पाण्यावर होता. नाकासमोर सरळ बांधलेला तो नवा बांध कुठल्या कुठे गेला होता.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. पोर सापडली नाही. गाळात फळ्या सापडल्या, रिकाम्या. आणि गाठ? गाठ तशीच, त्यानं मारलेली. पोरीनं शपथ मोडली नव्हती.

असं म्हणतात, हैबती तिथेच गाळात बसला. गाठ भिजून घट्ट झाली होती, सुटता सुटेना. सुटली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. "सोडली गं," तो म्हणाला. "सोडली. आता चाल."

मान वर केली तर समोर पावलं! ओल्या गाळात, इवली इवली, बाहेर फाकलेली, काठाकाठानं वळणं घेत पार गावाच्या शेवटच्या घरापर्यंत गेलेली.

हैबतीनं ओळंबा डोहात टाकला. आणि त्या पावलांवर एकेक दगड ठेवत नवा बांध घातला. सात वर्षं, एकट्यानं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाकडा. शेवटचा दगड बसवला, त्याला टेकून जरा बसला, तो उठलाच नाही.

त्यानंतर किती पूर आले! खालच्या गावांचे सरळसोट बांध वाहून गेले, हा हलला नाही. मध्ये एक कंत्राटदार आला होता, सिमेंट घालून सरळ करून देतो म्हणाला. म्हाताऱ्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आजही उंबरडोहात मूल चालायला लागलं की त्याला आवडीच्या बांधाशी आणतात. आधी बाप खाली बसतो आणि मुलाच्या पायातल्या काळ्या दोऱ्याची गाठ स्वतःच्या हातानं सोडतो. मग चार पावलं लांब जाऊन रिकामे हात पुढे करतो. मूल फेंगडं चालतं, कलतं, पडतं. सरळ चाल असं कुणी म्हणत नाही. बाप एवढंच म्हणतो,

"ये बाळा. वाकडं चालंल."