बांध कोणी फोडला?

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला ठाऊक नाही. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्या माणसांनो, तुम्ही तर नक्कीच ऐका.

त्या राज्यात दोन मुलूख होते. एक डोंगराकडचा, एक नदीकाठचा. पूर्वी ते एकमेकांचे वैरी होते. मोठी लढाई झाली होती. पुढे सोयरिकी झाल्या, दोन्हीकडचा राजा एक झाला, बाजार एक झाला. त्या बाजाराच्या मधोमध एका शहाण्या राजाने एक लांबच लांब भिंत बांधली, तिला पांढरा चुना दिला आणि दवंडी पिटवली, "आपल्या देशाची हकीकत या भिंतीवर लिहायची. ज्याला जे माहीत आहे त्याने ते गेरूने लिहावं. चुकलेलं दिसलं तर दुसऱ्याने पुसून दुरुस्त करावं. वाटसरूला आपला देश कळावा, आणि आपल्यालाही कळावा."

लोकांना ही गोष्ट फार आवडली. कुणी देवळांची माहिती लिहिली, कुणी दुष्काळांची, कुणी जुन्या वाटांची. भिंतीची देखभाल करायला एक राखणदार असे. आपली गोष्ट घडली तेव्हा तुळजा नावाची बाई राखणदार होती. ती डोंगराकडची. लिहिणं-वाचणं वडिलांकडून शिकलेली, बोलणं मोजकं. शिवीगाळ कुणी लिहिली तर ती पुसायची, पावसाने गेरू फिका झाला तर अक्षरं पुन्हा गिरवायची, एवढंच तिचं काम.

सगळी भिंत सुखात होती, एक ओळ सोडून.

थोरल्या तळ्याच्या बांधाला पाणी सोडायची एक दगडी मोरी होती. लढाईच्या काळात तो बांध फुटला होता आणि पुष्कळ माणसं वाहून गेली होती. नदीकाठचे लोक लिहीत, "डोंगराकडच्या सैन्याने बांधाची मोरी फोडली." संध्याकाळपर्यंत ते पुसलेलं असे आणि तिथे लिहिलेलं असे, "नदीकाठच्या राजाने शत्रूला बुडवण्यासाठी स्वतःच मोरी फोडली." दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं. पुसून पुसून तिथला चुना निघाला आणि विटा दिसायला लागल्या.

नदीकाठच्या लोकांचा पुढारी होता नरहर देसाई, मोठा पंडित. डोंगराकडच्यांचा पुढारी होता कोंडाजी नाईक. हा कोंडाजी तुळजाचा सख्खा काका.

"तुळजे," कोंडाजी म्हणायचा, "तुझा पणजा त्या बांधावर पहारा देत होता. बांध वाचवताना तो गेला. घरातलं खरं तू पुसू देतेस?"

आणि देसाई म्हणायचा, "तुळजाबाई, तुम्ही पडलात तिकडच्या. तुमच्याकडून न्यायाची अपेक्षा आम्ही कशी करावी?"

भांडण भिंतीपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. पण ठरलेली लग्नं मोडली. नदीकाठचे लोक डोंगराकडचा मध घेईनात, डोंगराकडचे त्यांचा तांदूळ शिजवीनात. भर बाजारात एकाचं डोकं फुटलं. शेवटी दोन्हीकडच्या लोकांनी काठ्या घेऊन तळ्याच्या मोरीपाशी आपापले पहारे बसवले. न जाणो, समोरचे पुन्हा फोडतील.

राजाने तुळजाला बोलावलं. तो म्हणाला, "ती ओळ मिटव, नाहीतर सगळ्या भिंतीला चुना मारतो. मग देशाची हकीकत मी सांगेन तीच."

तुळजा घाबरली. तिने खूप विचार करून लिहिलं, "काही जण म्हणतात, डोंगराकडच्यांनी बांध फोडला. काही जण म्हणतात, नदीकाठच्यांनी फोडला." दोन्ही वाक्यं सारख्याच लांबीची, सारख्याच आकाराच्या अक्षरांत.

राजा खूश झाला. कोंडाजी आणि देसाई खूश झाले नाहीत, पण गप्प बसले. तुळजाला वाटलं, आपण सुटलो.

त्याच आठवड्यात ठकूबाई नावाची एक भोईण भिंतीपाशी आली. तळ्याखाली केतकीवाडी म्हणून मासे धरणाऱ्यांची वस्ती होती, तिथली ती. बाजारात मासळी विकून झाल्यावर टोपली उतरवून ती म्हणाली, "बाई, बांधाचं काय लिवलंय ते मला वाचून दाखवा."

तुळजाने वाचून दाखवलं.

ठकूबाई म्हणाली, "पुढं?"

"एवढंच आहे."

"आमची वाडी वाहून गेली त्याचं कुठंय?"

तुळजा भिंतीवरच्या ओळी पुन्हा पाहू लागली. ठकूबाई म्हणाली, "बुडाले ते आमचे. भांडताय तुम्ही. आमाला कुणी इचारलंच नाही, की काय झालं म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. तिने टोपली उचलली आणि ती चालू लागली.

तुळजा त्या रात्री जेवली नाही. आपण दोघांना अर्धं अर्धं वाटून दिलं, पण दोघांचंही खरं आहे का, हे आपण एकदाही पाहिलं नाही. दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली आणि आपला जीव वाचवला. ही खंत तिला सोडीना. सकाळी ती ठकूबाईला शोधत केतकीवाडीला गेली.

ठकूबाईने तिला घरात बसवलं, पेज दिली आणि वाडीत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत ते सांगितलं. बांधाची डागडुजी दोघांची होती. दगड डोंगराकडच्यांनी आणायचा, माती नदीकाठच्यांनी. वैर वाढलं तसं दोघांनीही यायचं सोडलं. बांधाच्या वळणावर उंबर उगवला होता, त्याच्या मुळाशी पाणी झिरपायला लागलं. वाडीने दोन्हीकडे माणूस धाडला. एकीकडून निरोप आला, त्यांना विचारा. दुसरीकडूनही तोच निरोप आला. मग ऐन पावसात वळण खचलं.

"मोरी कोणी फोडली नाही?" तुळजाने विचारलं.

"मोरी फुटलीच नाही, बाई. जाऊन बघा की."

तुळजाने ते ऐकलं, पण ऐकलं म्हणून खरं मानलं नाही. ती बांधावर गेली. पहाऱ्यावरच्या लोकांना ओलांडून मोरीत उतरली. मोरीचे दगड जुने होते, सांध्यांतला चुना जुना होता, त्यावर शेवाळाची पुटं चढली होती. कुणी कधी पहार लावल्याची खूण नव्हती. मग ती वळणापर्यंत चालत गेली. तिथे मात्र बांधाचा एक मोठा तुकडा वेगळ्या रंगाच्या मातीचा होता, मागाहून भरलेला. त्याच्या कडेला हाताने उकरलं तेव्हा मांडीएवढं जाड, कुजून काळं पडलेलं मूळ लागलं.

तिथेच ती बसली. लहानपणापासून तिने पणजोबाची गोष्ट ऐकली होती. मोरीवर शत्रूशी झुंजत तो पडला, ही गोष्ट. मोरीवर तर काहीच घडलं नव्हतं. मग पणजोबा कुठे पडला, कशाने पडला? ते आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. तिला आपल्याच घरातला एक माणूस हरवल्यासारखं झालं.

पण परत आल्यावर तिने हात आखडला नाही. आधीची दोन्ही वाक्यं पुसली आणि लिहिलं, "थोरल्या तळ्याचा बांध वळणावर फुटला. मोरी शाबूत आहे. ती कोणीही जाऊन पाहावी. केतकीवाडीचे लोक सांगतात, की दोन्ही मुलखांनी डागडुजी सोडली होती. वळणावर झाडाचं जुनं मूळ सापडलं. केतकीवाडी वाहून गेली. बांधावर पहारा देणारे कसे मेले ते माहीत नाही."

दुपारपर्यंत बाजारात माणूस मावेना.

आजवर एकमेकांचं तोंड न पाहणारे कोंडाजी आणि देसाई त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूला उभे होते. दोघेही तुळजावर चिडलेले.

"घरची असून घर बुडवलंस," कोंडाजी म्हणाला.

"एका भोइणीच्या सांगण्यावर?" देसाई म्हणाला. "आमच्याकडे पिढ्यांचे कवी आहेत, पोवाडे आहेत."

राजाही आला होता. तो म्हणाला, "तुळजा, आधी निदान शांतता होती. तू हे का उकरून काढलंस?"

तुळजा म्हणाली, "महाराज, आधी मी दोघांनाही दुखवलं नाही, पण खरंही सांगितलं नाही. ते सोपं होतं. आता जे लिहिलंय ते चुकीचं असेल तर काकांनी पुसावं, देसाईंनी पुसावं. पण पुसणाऱ्याने पुढे लिहावं, की त्याला हे कशावरून कळलं. मी बांधावर जाऊन आले. त्यांनीही यावं."

राजा म्हणाला, "चला. मीही येतो."

सगळे बांधावर गेले. देसाई धोतर गुडघ्यापर्यंत खोचून मोरीत उतरला. बराच वेळ तो दगडांवरून हात फिरवत राहिला. कोंडाजी वरून ओरडला, "काय दिसतं?"

"शेवाळ," देसाई म्हणाला. वर आल्यावर तो एका दगडावर बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "एक सांगतो. बाहेर कधी बोललो नाही. आमच्या पणजोबांना बांध फोडायचा हुकूम झाला होता. ते रात्री इथवर आले. पहारा पाहून परत गेले. आमच्या घरात हे लेकी-सुनांनाही माहीत आहे."

कोंडाजीच्या चेहऱ्यावर क्षणभर जिंकल्याचा आनंद चमकला. "म्हणजे फोडणारच होतात."

"होतो. पण फोडला नाही." देसाईने त्याच्याकडे पाहिलं. "आणि नाईक, दगड तुम्ही आणायचा होता ना? तुमच्याकडे हे कुणी सांगत नाही?"

कोंडाजीने मान वळवली, आणि तेच सगळ्यांना उत्तर वाटलं.

एवढ्यात वळणाकडून ठकूबाईने हाक मारली. ती सगळ्यांच्या मागून आली होती. बांधाच्या पायथ्याशी, नव्या मातीच्या कडेला, एक बारीक ओहळ वाहत होता. वर पाहिलं तर बांधावर पुन्हा झाडं माजली होती. काठ्या घेतलेले दोन्हीकडचे पहारेकरी इतके दिवस मोरीवर डोळ्यांत तेल घालून बसले होते. वळणाकडे कुणी फिरकलंही नव्हतं.

राजाचा चेहरा उतरला. "मघा नक्षत्राचा मोठा पाऊस तोंडावर आलाय," तो म्हणाला.

मग कुणी कुणाला दोष दिला नाही, वेळच नव्हता. देसाईने नदीकाठच्या गावांना निरोप धाडले, चिकणमातीच्या गाड्या मागवल्या. कोंडाजीने डोंगरातून दगड आणवला, आणि म्हातारा असूनही पहिला दगड त्याने स्वतःच्या खांद्यावर आणला. झाडं मुळांसकट काढली. केतकीवाडीच्या भोयांनी पाण्यात बुड्या मारून झिरप कुठून आहे ते दाखवलं. जे मध घेत नव्हते, भात शिजवत नव्हते, ते एका चुलीवरचं जेवले, कारण दुसरी चूल पेटवायला कुणाला सवड नव्हती.

आणि पाऊस आला. असा आला, की म्हाताऱ्यांनाही तसा आठवत नव्हता. तळं काठोकाठ भरलं, लाटा बांधावर आपटू लागल्या. सगळा मुलूख जीव मुठीत धरून बसला. बांध टिकला. केतकीवाडीत एक कोंबडंही वाहून गेलं नाही.

पाऊस ओसरल्यावर देसाई भिंतीपाशी आला. त्याने गेरू घेतला आणि तुळजाच्या मजकुराखाली आपल्या पणजोबांना मिळालेला हुकूम लिहिला, आणि ही गोष्ट आपल्या घरात सांगतात, हेही लिहिलं. नदीकाठचे काही लोक त्याच्यावर रुसले. त्याने ते सोसलं.

कोंडाजीने काही लिहिलं नाही. तो पुतणीशी पुढे कितीतरी दिवस बोलला नाही, आणि आपले आजोबा मोरीवर झुंजले ही गोष्ट आपल्या नातवंडांना सांगतच राहिला. पण भिंतीवरची ओळ पुसायला तो पुन्हा कधी आला नाही. दरवर्षी पावसाआधी मात्र दगडाची पहिली गाडी त्याची असे.

केतकीवाडीचे लोक येऊन बुडालेल्यांची नावं सांगू लागले. आठवतील तशी, एकेक. तुळजा ती लिहीत गेली. ज्याचं नाव कुणालाच आठवेना त्याच्यापुढे तिने लिहिलं, "एक बाई," "एक तान्हं मूल." हा भाग वाचताना दोन्हीकडची माणसं पायातल्या वहाणा काढून उभी राहत. राजाने भिंतीला चुना मारायची गोष्ट पुन्हा काढली नाही. पुढे नवा राखणदार नेमायचा झाला, की त्याला आधी तळ्याच्या बांधावर एकदा चालवून आणत.

तात्पर्य: हकीकत सांगताना आपलं कोण आणि परकं कोण हे पाहू नये, पुरावा नेईल तिथे जावं, आणि तो संपेल तिथे "माहीत नाही" म्हणून थांबावं.