पालशेंडच्या फळ्यावरचे आकडे

पालशेंड बेटावर लाँचमधून उतरलात की उजव्या हाताला एक कौलारू पडवी लागते. तोच वेळाई शिडहोडी क्लब. पुढे वाळूत दहा-बारा लहान होड्या पालथ्या पडलेल्या, काढलेल्या डोलकाठ्या भिंतीला टेकवलेल्या, आणि त्याच भिंतीवर सभासदांच्या नावांचा लांबलचक काळा फळा. प्रत्येक नावापुढे पांढऱ्या रंगात एक आकडा. सहा. चार. नऊ. पाहुणे फळा वाचतात आणि हटकून विचारतात, "बापरे, ह्या डॉक्टरीणबाईंनी अकरा शर्यती जिंकल्या?"

पडवीत कोणीतरी शीड शिवत बसलेलं असतंच. ते मान वर न करता सांगतं, "जिंकल्या नाहीत हो. अकरा वेळा उलटल्या."

पाहुण्यांना ती थट्टा वाटते. पण पालशेंडला होडी उलटल्याशिवाय क्लबात नाव लागत नाही, हे अगदी खरं. सभासद व्हायचं तर सगळ्या गावासमोर खाडीत होडी उलटवायची, एकट्याने सरळ करायची, आतलं पाणी उपसायचं आणि शीड लावून किनाऱ्याला यायचं. मागे एक मोठे साहेब बदलून आले होते. त्यांना मानाचं सभासदत्व हवं होतं. त्यांनाही बुडवलं, चष्म्यासकट. असा उफराटा नियम इथे कसा पडला, त्याची गोष्ट जुनी माणसं सांगतात ती अशी.

वेळाई ही बेटाची देवी. समोरच्या किनाऱ्यावर डोंगरात बसली आहे ती डोंगराई, तिची थोरली बहीण. दर कार्तिकी पुनवेला धाकटीने थोरलीकडे जायचं, दोन दिवस राहायचं आणि परत यायचं, ही रीत फार पूर्वीची. देवीचा चांदीचा मुखवटा शेल्यात गुंडाळून गुरवाच्या मांडीवर ठेवायचा, आणि त्या वर्षी ज्याची पाळी त्याच्या मानाच्या होडीमागून बाकीच्या बारा होड्या निघायच्या. ह्या होडीवाल्यांचा मिळून एक मेळ असे. आजचा क्लब हा त्या मेळाचाच वारस.

त्या काळी मेळाची अट नेमकी उलटी होती. ज्याची होडी जन्मात एकदाही उलटली नाही, त्यालाच मेळात जागा. म्हणून मग काय व्हायचं, जरा वारा वाढला की शिडं उतरायची. आणि कोणाची होडी उलटलीच, तर तो गुपचूप घरी यायचा आणि ओलं धोतर मागच्या परसात वाळत घालायचा. पण शेजारच्या बायकांना परसं दिसतात. त्या गप्प बसत, एवढंच.

मेळाचा म्होरक्या होता भिकाजी तारी. चाळीस वर्षं होडी हाकली, पण अंगाला पाणी लागलं ते फक्त आंघोळीचं, असं तो स्वतःच सांगत असे. माणूस वाईट नव्हता. पान आणि स्वतःची कीर्ती, ही दोनच व्यसनं.

त्याच्या चुलतभावाची, धाकूची, एकुलती एक लेक म्हणजे येसू. ती चार वर्षांची असताना तापाने फणफणली होती. तेव्हा धाकूने वेळाईला नवस बोलला, पोर वाचली तर तुला माझ्या होडीतून बहिणीकडे नेईन. पोर वाचली. पण मानाच्या होडीची पाळी धाकूवर यायच्या आधीच तो वारला. जाताना लेकीचा हात धरून एवढंच म्हणाला म्हणे, "तेवढा नवस माझा राहिला गो."

येसूने ते मनाला लावून घेतलं. बापाची होडी उंडीच्या लाकडाच्या हलक्या फळ्यांची होती. ती तिने खाडीत ओढली आणि स्वतःच शिकायला लागली. शिकवणार कोण? पहिल्याच दिवशी उलटली. दुसऱ्या दिवशी दोनदा. शेजारची चंद्रीकाकू दारात बसून मासे निवडता निवडता सगळं बघायची. संध्याकाळी येसू निथळत घरी आली की काकू हाक मारायची, "काय गो, आज कितवी?" येसू सांगायची, आणि काकू चुलीतला कोळसा घेऊन आपल्या भिंतीवर एक रेघ ओढायची. कशासाठी, ते तिचं तिलाच ठाऊक. शेजाऱ्याच्या घरातलं आपल्याला माहीत असलं की काहींना बरं वाटतं, आणि त्यात काही चूक नाही.

पाऊस सरेपर्यंत रेघा सतरा झाल्या. पण प्रत्येक वेळी येसू होडी सरळ करूनच घरी आली होती. वारा कुठून शिरतो, शीड कधी सोडायचं, पालथ्या होडीच्या कण्यावर कुठे पाय रोवायचा, हे तिच्या अंगात भिनलं होतं. मग ती मेळापुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, माझ्या बापाचा नवस आहे, ह्या पुनवेला देवी माझ्या होडीतून न्या.

मेळ हसला. भिकाजीने पानाची पिचकारी टाकली. "सतरा वेळा उलाटलेल्या होडयेत देवी बसाची नाय."

"काका, सतरा वेळा उलाटली, ती सतरा वेळा सरळ पण झाली."

"ता कोणी मोजल्यान?"

"मी मोजलंय," मागून चंद्रीकाकू म्हणाली.

तरी नाही म्हणजे नाहीच. येसू घरी आली आणि होडीला टेकून रडली. नवस फेडायला दुसरा रस्ता नव्हता, आणि बापाने तर दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

पुनवेच्या दिवशी दुपारी वाजतगाजत देवी निघाली. पुढे भिकाजीची होडी, तीत रामा गुरव मांडीवर मुखवटा घेऊन बसलेला, मागे बारा होड्या. त्यांच्याही मागे, बरंच अंतर ठेवून, येसू. कोणी दटावलं नाही, कारण समुद्रावर जाऊ नको असं कोणाला कसं सांगणार?

अर्ध्या वाटेवर भिकाजीला पानाची तल्लफ आली. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात शिडाची दोरी. चुना लावायचा कशाने? वारा मवाळ होता. त्याने दोरीची बैठकीच्या फळीला पक्की गाठ मारली, सुकाणू काखेत धरलं आणि पानाचं तबक उघडलं. चाळीस वर्षांत त्याने असं शंभरदा केलं असेल. पण त्या घटकेला पाण्यातल्या खडपाच्या कातळामागून वाऱ्याचा एक झोत आला. दोरी हातात असती तर सोडता आली असती. गाठ कशी सुटणार? शीड टम्म फुगलं, आणि भिकाजी, गुरव, देवी आणि पानाचं तबक, सगळे एकदम पाण्यात.

बारा होड्या भोवती गोळा झाल्या आणि बारा जण ओरडायला लागले. कोणी म्हणे शीड ओढा, कोणी म्हणे डोलकाठीवर चढा. करायचं काय हे ठाऊक असल्याचं एकानेही दाखवलं नाही, कारण तसं दाखवणं म्हणजे आपण कधीतरी उलटलो हे कबूल करणं. जवळ जावं तर आपली होडीही उलटेल आणि मेळातली जागा जाईल, ही वेगळीच धास्ती. रामा गुरवाला पोहता येत नव्हतं. एका हाताने होडीची कड, दुसऱ्या हाताने मुखवटा डोक्यावर धरून तो बोंब मारत होता, "माका नको, आधी देवीक घेवा!" आणि घ्यायला हात पुढे केला की देवीला सोडतही नव्हता. त्याची पकड निसटत चालली होती.

तेवढ्यात येसूची होडी बारा होड्यांच्या मधून आत शिरली. तिने शीड मोकळं सोडलं, तशी होडी जागच्या जागी डुलत राहिली. "गुरवकाका, तुम्ही देवीला धरा, मी तुम्हाला धरते," ती म्हणाली, आणि काखेत हात घालून दोघांनाही आत ओढलं. मग पदर खोचून तिने पाण्यात उडी घेतली. बुडी मारून आधी ती गाठ सोडली. होडीचं नाक वाऱ्याकडे वळवलं, कण्यावर पाय रोवले आणि भिकाजीला म्हणाली, "काका, माझ्या बाजूला उभे राहा आणि मागे झुका. घाबरू नका, अठराव्यांदा करत्येय." दोघांच्या भाराने शीड पाण्यातून वर आलं आणि होडी सरळ झाली.

नारळाच्या करवंटीने पाणी उपसून झालं. भिकाजीची पगडी वाहून गेली होती, ओठावर अजून चुना होता. कोणीतरी म्हणालं, आता देवीला मानाच्या होडीत परत घ्या. भिकाजीने येसूच्या होडीकडे पाहिलं. तिथे गुरव ओलाचिंब बसला होता आणि त्याच्या मांडीवर वेळाई.

"बसली ती त्या होडयेत," भिकाजी म्हणाला. "आता तिका उठवू नको."

अशी वेळाई धाकू तारीच्या होडीतून बहिणीकडे गेली. येसू सुकाणूशी होती. उतरताना होडीच्या कडेवर हात फिरवून म्हणाली म्हणे, "फिटला हो, बाबा."

देवीला बहिणीकडे पोचवून त्याच संध्याकाळी परत आल्यावर भिकाजी ओल्या धोतरासकट सरळ चंद्रीकाकूच्या दारात गेला. त्याने तिच्याकडून कोळसा मागून घेतला आणि येसूच्या सतरा रेघांखाली स्वतःची एक रेघ ओढली. मग मेळाकडे वळून म्हणाला, "आता ज्याची रेघ नाही, त्याने देवीच्या होडीमागून यायचं नाही." त्याच रात्री, असं सांगतात, गावातली कितीतरी जुनी ओली धोतरं परसातून पुढच्या अंगणात आली. काकूची भिंत आठ दिवसांत भरली.

क्लबाची पडवी त्याच भिंतीला धरून बांधली आहे. आजही फळ्यावर सगळ्यात वर येसू धाकू तारी, सतरा, आणि तिच्या खाली भिकाजी तारी, एक. आजही कार्तिकी पुनवेला हयात सभासदांत ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, तोच देवीची होडी हाकतो. यंदा मान डॉक्टरीणबाईंचा आहे. वाटेत कोणी पान खात नाही. पलीकडे उतरल्यावर पहिला विडा डोंगराईपुढे ठेवतात, मग आपला. आणि आजही इथून कोणीही निघालं, होडीने असो की लाँचने, परीक्षेला असो की सासरी, तर पालशेंडची माणसं त्याला सांभाळून जा म्हणत नाहीत. जेटीवर उभं राहून ओरडतात, "दोरी हातात ठेवा!"

तुम्ही निघाल तेव्हा तुम्हालाही ऐकू येईल. मागे वळून हात हलवा म्हणजे झालं.