राणीचं काजळ

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या माणसांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत.

एका राज्यात एक रिवाज होता. नवं औषध निघालं, की ते आधी सशाला देऊन पाहायचं. पण ज्याला औषध हवं, त्यानंच तो ससा घरी न्यायचा. स्वतःच्या हातानं औषध द्यायचं, आणि ससा आजारी पडला तर त्याची सेवाही करायची. लोक कुरकुरत, पण पाळत. त्यामुळे अगदी जिवावर बेतल्याशिवाय कुणी नवं औषध मागायला जात नसे.

राणीला मात्र वसंतोत्सवासाठी नवं काजळ हवं होतं, दिव्यांच्या उजेडात डोळे चमकतील असं. म्हाताऱ्या वैद्यीणबाईंनी तिच्यापुढे सशाची टोपली ठेवली.

"मी ससा सांभाळू?" राणी हसली. "अहो, मला माझी मुलगी सांभाळायला वेळ नाही!"

"मग जुनंच काजळ घाला, राणीसाहेब. तेही काही वाईट दिसत नाही तुमच्या डोळ्यांत."

झालं! राणीला राग आला. रिवाज मोडीत निघाला, वैद्यीणबाई घरी बसल्या, आणि बागेमागे उंच भिंतीआड सशांचे पिंजरे उभे राहिले. नवा राजवैद्य फार गोड बोलायचा. काजळाचं काम सुरू झालं, जोडीला गालांचा लेप, केसांचं तेल, टाचा मऊ करणारं काहीतरी. राणीच मागते म्हटल्यावर सरदारांच्या बायका मागे कशा राहतील?

ससा मुळात गरीब प्राणी, दुखलं तरी सहसा ओरडत नाही. राजवैद्य दारातूनच नोकराला विचारी, "ससे कसे आहेत?" नोकर म्हणे, "जिवंत आहेत." तेवढ्यावर काजळाची डबी राजवाड्यात गेली.

उत्सवाच्या दिवशी राणीनं, कुठलीही आई घालते तसं, पहिलं बोट लेकीच्याच डोळ्यांत फिरवलं. संध्याकाळपर्यंत पोरीचे डोळे सुजून मिटले. "आई, दिवे लावले का गं?" ती विचारत होती. दिवे तिच्या समोरच लावलेले होते.

राजवैद्य पळून गेला. राणी अनवाणी वैद्यीणबाईंच्या दारात आली. त्या एकही टोमणा न मारता उठल्या. "आधी ते ससे दाखवा," एवढंच म्हणाल्या.

भिंतीआड राणी पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. पिंजऱ्यापिंजऱ्यात ससे अंग आक्रसून बसले होते. एकाचेही डोळे उघडे नव्हते.

"हे केव्हापासून?" राणीनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, राणीसाहेब," नोकर म्हणाला. "ते जिवंत आहेत का, एवढंच मला विचारलं जायचं."

वैद्यीणबाईंनी डोळे धुवायचा काढा केला, पण असल्या सुजेवर तो कुणी कधी वापरला नव्हता. राणीनं कुणी न सांगता एक ससा मांडीवर घेतला आणि थेंब थेंब काढा त्याच्या डोळ्यांत सोडला. त्याचं काळीज तिच्या तळव्याखाली धडधडत होतं. तिला फार लाज वाटली. काही वेळानं ससा डोळे किलकिले करून गवत शोधू लागला, तेव्हा कुठे तिनं तो काढा लेकीला घातला.

मुलगी बरी झाली. भिंत पाडली गेली. पण ज्या सशांना सगळ्यात आधी काजळ घातलं होतं, त्यांची नजर परत आली नाही. राणीनं त्यांना आपल्या महालात आणून ठेवलं.

एकदा त्यांतला एक ससा खांबाला धडकला. मुलीनं त्याला उचलून घेतलं.

"आई, याला का दिसत नाही?"

राणीला राजवैद्याकडे बोट दाखवता आलं असतं. नोकराकडेही. तिनं तसं केलं नाही.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

मुलीनं ससा छातीशी धरला आणि ती आईपासून जरा लांब सरकून बसली.

तात्पर्य: आपल्यासाठी मुक्या जिवाला दिलेल्या वेदनेकडे बघायची ज्याची तयारी नाही, त्याला ती वेदना देण्याचा अधिकारही नाही.