रावबाचा वजनदार कोंबडा

माळावरच्या एका गावात रावबा नावाचा एक कोंबडीवाला होता. त्याला एकच हौस. आपल्या ब्रॉयलर कोंबड्या पंचक्रोशीत सगळ्यांत वजनदार असाव्यात! दाणा चोचीपुढे, पाणी चोचीपुढे, आणि रात्रीसुद्धा खाता यावं म्हणून शेडमध्ये दिवा. कोंबड्यांना उठायचं कारणच उरलं नव्हतं.

बायको कौसा म्हणायची, "अहो, ही पाखरं दिवसभर बसूनच असतात. खाली अंथरलेलं तूस ओलं झालंय. पायांना चट्टे पडलेत त्यांच्या."

"अगं, कोंबड्या काय शर्यतीला न्यायच्यात? वजन बघ, वजन!" रावबा हसून म्हणायचा.

गावच्या जत्रेत उत्तम कोंबड्याच्या मालकाला मानाचा फेटा मिळे. रावबाने आपला सगळ्यांत जाडजूड कोंबडा टोपलीत घातला आणि मिशीला पीळ देत जत्रा गाठली. टोपली उघडताच लोक म्हणाले, "अबब! कोंबडा आहे की भोपळा?" रावबाची छाती फुगली.

पंच होत्या गुरांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी तराजू जरा लांब ठेवला, तराजूपुढे मूठभर मका टाकला आणि म्हणाल्या, "वजन मग करू. आधी कोंबड्याने आपल्या पायांनी इथवर यावं."

कोंबड्याने मका पाहिला. पंख फडफडवत तो कसाबसा उठला, दोन पावलं लटपटला आणि फतकन खाली बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. चोच उघडी टाकून धापा टाकू लागला. नजर मात्र मक्यावरच.

लोक खो खो हसले. "रावबा, मागून ढकला की जरा!" कुणीतरी ओरडलं.

रावबाने हात पुढे केलाही. पण कोंबड्याची ती नजर पाहून त्याने तो मागे घेतला. तो तराजूपाशी गेला, मका ओंजळीत भरून आणला आणि कोंबड्याजवळ मांडी घालून त्याला चारू लागला.

"ढकलत नाही," तो म्हणाला. "त्याचा काय दोष? मीच करून ठेवलाय त्याला असा."

घरी येताच नवराबायकोने ओलं तूस काढून कोरडं पसरलं. दाणा एका टोकाला, पाणी दुसऱ्या टोकाला. मध्ये चढायला-उतरायला बुटक्या फळ्या. रात्री दिवा बंद. कोंबड्या पहिल्यापेक्षा हलक्या भरू लागल्या, शेजारी चिडवू लागले. रावबाने मनावर घेतलं नाही. सकाळी दार उघडलं की साऱ्या पायांत घुटमळायच्या, आणि त्यालाच पाऊल टाकायला जागा उरायची नाही!

पुढच्या जत्रेत त्याने नवा कोंबडा सोडला. भरल्या अंगाचा, ताठ मानेचा. तो तुरुतुरु धावत आला, मका फस्त केला, तराजूवरून उडी मारली आणि थेट भेळवाल्याच्या पाटीत! त्याच्यामागे रावबा, रावबामागे पोरंटोरं, आणि सगळ्यांमागे हसून बेजार झालेल्या डॉक्टरीणबाई, हातात मानाचा फेटा घेऊन.

"अहो, धरा त्याला! वजन राहिलंय!"

"राहू द्या, बाई," धापा टाकत रावबा म्हणाला. "पळतोय तोवर पळू दे."

तात्पर्य: पाळलेला जीव नुसता पोसून भागत नाही, त्याला आपल्या पायांवर सुखाने चालता येईल, हेही पोशिंद्यानेच बघायचं असतं.